सत्तेचा मुक्काम क्रियापदात

नात्यातल्या अन्यायावर लिहिलेली कविता हल्ली लांबूनच ओळखू येते. तिच्यात पिंजरा असतो, पंख असतात, बेड्या असतात आणि शेवटाकडे कुठेतरी आभाळ असतं. नवरा ‘मालक’ असतो, बापाचा ‘हुकूम’ असतो आणि ‘अस्तित्व’ हा शब्द तर कुठेही चालतो. अशा कवितेला मंचावर टाळ्या पडतात, मोबाइलवरून ती फिरत राहते, स्पर्धेत तिला बक्षीसही मिळतं. तिच्यातला राग खोटा नसतो. पण ती वाचून संपली तरी त्या घरात कोण कोणाशी कसं बोलतं, कोणाच्या आवाजाने कोण गप्प होतं, याचा पत्ता लागत नाही. इथे सत्ता आहे एवढं आपल्याला कळवलं जातं, ती दाखवली मात्र जात नाही.

माझं म्हणणं असं की नात्यातली सत्ता मोठाल्या नामांत फार थोडी सापडते. ती हाक मारण्यात असते, ‘गं’ आणि ‘हो’मध्ये असते, आज्ञार्थाच्या शेवटच्या काना-मात्रेत असते. वाक्यात कर्ता कोणाला केलंय आणि कोणता कर्ता गुपचूप गाळलाय, यातही असते. चांगल्या कवींच्या हे अंगवळणी पडलेलं असतं. आपण वाचक, परीक्षक आणि शिक्षक मात्र कविता हातात आली की जड शब्द शोधायला लागतो आणि हलक्या शब्दांवरून नजर घसरू देतो.

भोंडल्याच्या एका गाण्यापासून सुरुवात करतो. त्याचा कवी कोण ते कुणालाच ठाऊक नाही आणि पाठ तर गावोगाव बदलतो. सासू म्हणते, ‘कारल्याचं बी पेर गं सूनबाई, मग जा आपल्या माहेरा.’ सून म्हणते, ‘कारल्याचं बी पेरलं हो सासूबाई, आता तरी धाडा ना.’ मग बीला कोंब फुटायची अट येते, मग वेल वर चढायची, मग फुलाची, मग कारल्याची, मग भाजीची. गाणं लांबतच जातं.

या दोन ओळींत जुलूम, छळ, गुलामी असा एकही शब्द नाही. सासू ‘पेर’ म्हणते, एकवचनी आज्ञार्थ. सून ‘धाडा’ म्हणते, आदरार्थी अनेकवचन, आणि त्याला वर ‘ना’ जोडते, म्हणजे आज्ञार्थाची उरलीसुरली धारही बोथट करते. सासूचा ‘गं’ वरून खाली येतो, सुनेचा ‘हो’ खालून वर जातो. ‘आता तरी’मधला ‘तरी’ आधीच्या सगळ्या नकारांची नोंद ठेवतो. पण मला सर्वांत जास्त थांबवतं ते दोघींचं जाण्याबद्दलचं क्रियापद. सासू म्हणते ‘जा’. तिच्या वाक्यात सून स्वतःच्या पायांनी जाते. सून मात्र ‘जाते’ म्हणत नाही, ‘धाडा’ म्हणते. पाय जिचे आहेत तिच्याच वाक्यात चालवणारं दुसरं कोणीतरी आहे. ‘जा’ म्हणण्याची उदारता सासूला परवडते, कारण तिच्याकडे ‘मग’ आहे. संपूर्ण गाण्यात ती एकदाही ‘नाही’ म्हणत नाही. तिचं सगळं राज्य त्या एका ‘मग’वर चालतं. ज्यांनी कचेरीत कधी अर्ज टाकलाय त्यांना हे वेगळं सांगायला नको.

भोंडल्यातल्याच दुसऱ्या एका गाण्यात माहेर सुरेख आहे, तिथे खेळायला मिळतं, आणि ‘सासर द्वाड बाई’, ते कोंडून मारितं. ‘मारितं’ या नपुंसकलिंगी क्रियापदाकडे बघा. मारतं कोण? सासर. म्हणजे घर, भिंती, एक नपुंसकलिंगी नाम. सासू मारते, नवरा मारतो, असं गाणाऱ्या मुली म्हणत नाहीत. फेर धरून उघड्यावर गायचं गाणं आहे ते. नाव घेतलं तर ते ज्याचं त्याच्या कानावर जाणारच. म्हणून हात मारणाराचा आणि कर्ता मात्र घर.

आता याच्या अगदी उलट टोकाला जाऊ. रॉबर्ट ब्राउनिंगची ‘माय लास्ट डचेस’ ही 1842 सालची कविता इंग्रजी वर्गात घासून गुळगुळीत झालेली आहे, तरी इथे तिला पर्याय नाही. फेरारा नगरीचा ड्यूक आपल्या मृत पत्नीचं चित्र पाहुण्याला दाखवतोय. पाहुणा आलाय तो ड्यूकच्या पुढच्या लग्नाची बोलणी करायला. बायको कुणाकडेही बघून सारखीच हसायची, आपल्या नऊशे वर्षांच्या कुळनावाचं तिला काही विशेष वाटायचं नाही, ही ड्यूकची तक्रार. मग तो म्हणतो, मी हुकूम दिले, आणि सगळी हसू एकदमच थांबली. पहिल्या वाक्याचा कर्ता ‘मी’. दुसऱ्याचा कर्ता ‘हसू’. मधे जे घडलं त्याला वाक्यच नाही. कोणी मारलं नाही, कोणी मेलं नाही, हसू थांबली. लगेच तो खाली उतरताना एक ब्राँझची मूर्ती दाखवतो, समुद्री घोड्याला वठणीवर आणणारा नेपच्यून, माझ्यासाठी घडवून घेतलेला. कवितेचा शेवटचा शब्द आहे ‘मी’.

म्हणजे भोंडल्यातली सासुरवाशीण कर्ता लपवते आणि ड्यूकही लपवतो. व्याकरणाची युक्ती एकच, पण ती भीतीपोटी आणि तो ऐटीत. तिला नाव घेता येत नाही, त्याला घ्यायची गरज नाही. म्हणूनच एखादी युक्ती दिसली की तिचा ठरलेला अर्थ लावायचा, ही पद्धत मला मान्य नाही. कर्मणी प्रयोग दिसला की सत्ता, आज्ञार्थ दिसला की दडपशाही, असं कोष्टक करता येत नाही. बोलतोय कोण, ऐकतोय कोण आणि ऐकणाऱ्याला उठून जायची मुभा आहे का, हे आधी बघावं लागतं. ड्यूकचा पाहुणा कवितेत एक अक्षरही बोलत नाही.

सर्वनामांबद्दल मराठी माणसाला फार समजावून सांगावं लागत नाही. आपल्याकडे तू आणि तुम्ही जन्मापासून कानात असतात. रॉजर ब्राउन आणि अल्बर्ट गिलमन यांनी 1960 साली युरोपीय भाषांतल्या अशा जोडसर्वनामांवर एक प्रसिद्ध निबंध लिहिला. जुन्या काळी वरचा माणूस खालच्याला ‘तू’ म्हणायचा आणि त्याच्याकडून ‘तुम्ही’ घ्यायचा. पुढे नातं जवळचं की लांबचं यावर सर्वनाम ठरू लागलं आणि दोघंही एकमेकांना सारखंच म्हणू लागले. असा त्यांचा सारांश. कवीला यातलं मधलं, गोंधळाचं ठिकाण आवडतं. मराठीत देव ‘तू’, आई ‘तू’, पोर ‘तू’ आणि घरचा गडीही ‘तू’. सर्वांत वर आणि सर्वांत खाली असलेल्यांना आपण एकच सर्वनाम दिलंय. कविता जेव्हा ‘तू’ म्हणते तेव्हा तो माया करतोय की पायरी दाखवतोय, हे आजूबाजूच्या शब्दांवरून ठरतं.

गालिबने तर या भांडणाचाच शेर केला. ‘हर एक बात पे कहते हो तुम कि तू क्या है, तुम्हीं कहो कि ये अंदाज़-ए-गुफ़्तगू क्या है.’ अंदाज़-ए-गुफ़्तगू म्हणजे बोलण्याची ढब. समोरचा ‘तू’ म्हणतोय, गालिब त्याला ‘तुम’ म्हणूनच उत्तर देतोय. स्वतःची पायरी त्याने सोडलेली नाही आणि समोरच्याची मात्र पुरती उतरवलीय, तीही निवाडा त्याच्याच तोंडून मागून. अपमानाला इतकं सभ्य उत्तर मला दुसरं माहीत नाही. यात एकही कठोर शब्द नाही. आहेत ती दोन सर्वनामं.

संबोधनाचं सर्वांत ताकदीचं उदाहरण माझ्या मते कालिदासाकडे आहे, ‘शाकुंतला’च्या पाचव्या अंकात. दुष्यंत सर्वांदेखत शकुंतलेला ओळखत नाही. ती बोलायला लागते ‘आर्यपुत्र’ असं म्हणून, म्हणजे पत्नीने पतीला मारायची हाक. आणि अर्ध्यावर थांबते. लग्नच झालं की नाही याचा संशय असताना ही हाक आता शोभत नाही, असं स्वतःच म्हणते आणि ‘पौरव’ असं संबोधन घेते. पुरुकुळातला, बस. नवरा गेला, राजवंशाचा एक माणूस उरला. राजा तिच्या बोलण्याला थेट उत्तर देत नाही. तो सोबतच्या वृद्ध तापसीला सांगतो की स्त्रियांना न शिकवताच चलाखी येते, पशुपक्ष्यांतसुद्धा दिसते. समोर उभ्या असलेल्या एका बाईची ‘स्त्रिया’ अशी जात करून टाकली. तक्रार करणाऱ्याला अनेकवचनात ढकललं की त्याच्या तक्रारीकडे बघावं लागत नाही. आणि तेव्हा शकुंतला तिसरी हाक मारते, ‘अनार्य’. आर्यपुत्र, पौरव, अनार्य. एका प्रवेशात, तीन हाकांत, एक संसार मोडलेला आहे. नाटकाच्या संकेताप्रमाणे राजा संस्कृत बोलतो आणि ती प्राकृत, म्हणजे भाषेचीच उतरंड दोघांच्या मधे उभी आहे. त्या उतरंडीच्या खालून ती ‘अज्जउत्त’पासून ‘अणज्ज’पर्यंत येते, पहिल्या हाकेतलाच ‘अज्ज’ काढून त्याला नकार जोडते. मला वाटतं, त्या दिवशी राजाला कोणाचं शस्त्रही इतकं लागलं नसतं.

इथवर मामला सरळ होता. खरी अडचण पुढे आहे. दासी, चाकर, चरण, पायधूळ हे भक्तीच्या कवितेतले शब्द घ्या. वरवर वाचलं तर ही शरणागती. पण जनाबाई ‘नामयाची दासी’ म्हणून सही करते आणि त्याच तोंडाने विठ्ठलाला म्हणते, ‘अरे विठ्या विठ्या, मूळ मायेच्या कारट्या.’ पुढे रांड-रंडकीपर्यंत आणि मढ्यापर्यंत जाते. शेवटची ओळ आहे, ‘उभी राहूनी आंगणी, शिव्या देत दासी जनी.’ ‘शिव्या देत’ आणि ‘दासी’ हे शब्द एकमेकांना चिकटून बसलेत. शिवी देणारी दासी म्हणजे काय प्रकार आहे? शिवी देताना ‘दासी’ ही सही काढून टाकता आली असती. तिने ती ठेवली. माझ्या वाचनाप्रमाणे तिला सांगायचंय की हे नातं मी तोडत नाही, पण त्याच्या आत माझा आवाज किती चढवायचा हे मी ठरवणार. आणि जागाही बघा, अंगण. देवळाचा गाभारा नाही की घराची ओटी नाही. चारचौघांना ऐकू जाईल अशी जागा.

मीरा हेच वेगळ्या वाटेने करते. तिला गिरिधराची चाकरी हवीय आणि चाकरीचा मेहनताना ती स्वतः ठरवते. चाकरीत दर्शन मिळेल, स्मरण ही खर्ची, भावभक्ती ही जहागीर. राजघराण्यातली बाई जमाखर्चाच्या शब्दांत देवाशी करार करतेय. ‘चाकर’ म्हणजे खाली हे खरं, पण खर्ची आणि जहागीर हे शब्द आले की नातं व्यवहाराचं होतं आणि व्यवहारात दोन पक्ष असतात.

ही उदाहरणं देताना आपल्या समीक्षेची एक सवय आठवते. दबलेल्या माणसाच्या प्रत्येक नम्र शब्दात आपल्याला बंड सापडतंच. ते मला नेहमी पटत नाही. चोखामेळा म्हणतो, ‘जोहार मायबाप जोहार, तुमच्या महाराचा मी महार.’ आणि पुढे, मी फार भुकेला झालोय, तुमच्या उष्ट्यासाठी आलोय. जोहार हा त्याच्यावर लादलेला नमस्कार, उष्टं ही त्याच्यावर लादलेली भाकरी. यात छुपं बंड आहे असं म्हणून आपण मोकळे होतो, कारण तसं म्हटलं की वाचायला बरं वाटतं. मला तिथे बंड दिसत नाही. मला दिसतं ते असं की देवाशी बोलायला त्याला दुसरी भाषाच दिलेली नव्हती आणि त्याने ती होती तशी, तिच्या सगळ्या किंमतीसकट, अभंगात आणून ठेवली. सोयराबाईची सही ‘चोखियाची महारी’ अशी आहे. नवऱ्याचं नाव आणि जातीचं नाव. तिचं स्वतःचं नाव त्यात नाही. तुकाराम ‘तुका म्हणे’ असं सहज म्हणून जातो, तेव्हा ही सही शेजारी ठेवून बघावी. एकनाथही ‘एका जनार्दनी’ म्हणतो, गुरूचं नाव आपल्या नावाला जोडतो, पण ती जोड त्याने निवडलेली आहे. नाममुद्रा म्हणजे प्रत्येक अभंगाला लावलेली नात्याची पावती आहे, आणि आपण ती नेहमी घाईने ओलांडतो.

आज्ञार्थ नेहमी वरूनच येतो असंही नाही. मुक्ताबाई चार भावंडांत धाकटी. परंपरा सांगते की लोकांच्या बोलण्याने दुखावून ज्ञानदेव झोपडीची ताटी लावून बसले, तेव्हा तिने ताटीचे अभंग म्हटले. ‘ताटी उघडा ज्ञानेश्वरा’ हे त्यांचं पालुपद. धाकटी बहीण थोरल्याला ‘उघडा’ म्हणते, आदरार्थी, पण आज्ञार्थीच. तिने त्याला भाऊ म्हणून विनवलं असतं तर त्याला रुसून बसायची सोय होती. ती संतांचं कर्तव्य पुढे करते. जग रागाने आग झालं तर संतांनी सुखाने पाणी व्हावं, असं सांगते. तू संत आहेस ना, मग संताचं काम हे असं आहे. समोरच्याला दिलेला मानच त्याच्यावर टाकलेला पेच होतो. ज्याला पद दिलंय त्याला पदाचे नियम लागू होतात, आणि ते नियम वाचून दाखवायला धाकटी पुरते. ‘पाणी हो’ असं न म्हणता ‘व्हावे’ म्हणणं, हा विध्यर्थाचा वापर एखाद्या मुरलेल्या वकिलासारखा आहे.

यावर एक आक्षेप मला दिसतो आणि तो हलका नाही. ज्याचा गळाच आवळलाय त्याने कुजबुजीत, ‘गं’ आणि ‘हो’च्या बारकाव्यात का बोलायचं? मोठ्या आवाजातल्या, शिवराळ, थेट कवितेला ही दृष्टी कमी लेखते की काय? नामदेव ढसाळांचा ‘गोलपिठा’ हा कवितासंग्रह 1972 साली आला. तेव्हा तिथल्या शब्दांनी पांढरपेशा वाचक हादरला, आणि त्यातले कित्येक शब्द त्याला कळलेच नाहीत. मुंबईच्या गोलपिठा या वेश्यावस्तीतली भाषा त्याच्या शब्दकोशात नव्हती. शतकानुशतकं कवितेतल्या संस्कृत शब्दाचा अर्थ बहुजन वाचक विचारत आला, इथे पहिल्यांदा उलट झालं. अर्थ विचारायची वेळ सुशिक्षितावर आली. सत्तेचं नातं इथे कवितेतल्या दोन पात्रांत नाहीये, ते कवी आणि वाचक यांच्यात आहे, आणि शब्दांची निवड तेच नातं फिरवते. या शब्दांना मी जड म्हणणार नाही. ते नेमके आहेत. बेड्या आणि पिंजरा यांच्यावर माझा राग आहे तो ते मोठ्याने बोलतात म्हणून नव्हे. ते कोणाच्याच घरातले नसतात.

सिल्व्हिया प्लाथची ‘डॅडी’ ही कविता ऑक्टोबर 1962 मधली. तिच्यावर आजही वाद होतो, कारण बापासाठी तिने नाझींच्या छळछावण्यांचे शब्द वापरले. तो वाद रास्त आहे, इतरांच्या संहाराचे शब्द आपल्या घरच्या दुःखाला लावावेत का, यावर माझंही मन पूर्ण तयार झालेलं नाही. पण त्या कवितेतली सत्ता मला त्या भीषण शब्दांपेक्षा शीर्षकात जास्त जाणवते. तिशीला टेकलेली, दोन मुलांची आई असलेली बाई, तिच्या आठव्या वर्षी मेलेल्या बापाला ‘डॅडी’ म्हणतेय. ‘फादर’ नाही. पाळण्यातल्या गाण्यासारखी यमकं, बोबडा शब्द, आणि त्यात खुनाची गोष्ट. बाप मेला तरी तिच्या तोंडातला लहान मुलीचा शब्द मेलेला नाही. हे त्या एका हाकेतून कळतं, बाकीचे सगळे शब्द त्यावर ओरडत राहतात.

सत्तेचा आणखी एक शब्दसंग्रह असतो, स्तुतीचा. त्यावर बोलायला लोक कचरतात, कारण स्तुतीला नावं ठेवणं हे कृतघ्नपणाचं वाटतं. ‘तू देवी, तू शक्ती, तू त्यागाची मूर्ती’ या वळणाच्या ओळी दर मार्चमध्ये उगवतात. इंग्रजीत कॉव्हेंट्री पॅटमोरने 1854 साली बायकोला घरातली देवदूत ठरवणारं दीर्घकाव्य छापायला सुरुवात केली आणि ते शीर्षकच पुढे एका साच्याचं नाव झालं. 1931 मध्ये व्हर्जिनिया वूल्फने एका भाषणात सांगितलं की लिहायला बसायचं तर आधी त्या देवदूताला ठार करावं लागलं. ही शब्दयोजना कशी काम करते ते क्रियापदात दिसतं, किंवा खरं तर क्रियापद नसल्यात. ‘तू देवी’ या वाक्यात क्रियाच नाही. ती काही करत नाही, ती फक्त ‘आहे’. जिच्या नावावर एकही क्रिया नाही तिला चूकही करता येत नाही, थकताही येत नाही, नको म्हणताही येत नाही. त्याग ‘करते’ असं म्हटलं तर उद्या ती करणार नाही अशी शक्यता उरते. ‘त्यागाची मूर्ती’ म्हटलं की तीही बंद.

लावणीतली बाई पुरुषाला ‘राया’ म्हणते. शब्द राजाचा, सूर लाडाचा. हा शब्द तिच्या ओठांवर ठेवला कोणी, हेही विचारलं पाहिजे. राम जोशी, होनाजी बाळा, परशराम, सगनभाऊ, प्रभाकर. पेशवाईतल्या लावणीचे नामवंत कवी सगळे पुरुष. बाईच्या तोंडून स्वतःला राजा म्हणवून घेण्याची ही सोय फार सुंदर शब्दांत झालीय आणि मी ती आवडीने ऐकतो, हे इथे सांगून टाकलेलं बरं. फडावर उभी राहून गाणारी बाई त्या ‘राया’चा सूर किती तिरका करायची, ते मात्र कागदावर उतरलेलं नाही.

लेखणी कोणाच्या हातात, हा प्रश्न सज्जन कवितेलाही सोडत नाही. नारायण सुर्वे यांची ‘तेव्हा एक कर’ ही माझी फार आवडती कविता. आपण नसू तेव्हा पत्नीने काय करावं, हे कवी तिला सांगतोय. डोळे पूस, हुंदके आवर, नवे हिरवे चुडे भर, आवडेल असं एक घर खुशाल कर, ‘मला स्मरून कर, हवे तर मला विस्मरून कर.’ विधवेला हिरवा चुडा भरायला सांगणारी ही कविता केवढी मोठ्या मनाची आहे, ते वेगळं सांगायची गरज नाही. आणि तरीही तिच्यात आज्ञार्थामागून आज्ञार्थ येतात. ‘खुशाल’ हा परवानगीचा शब्द आहे, परवानगी कोण देऊ शकतो? ज्याच्याकडे ती द्यायचा हक्क असतो तोच. सुर्व्यांचं मोठेपण असं की त्यांना हे ठाऊक असल्यासारखं वाटतं. शेवटचा ‘हवे तर’ बघा. इथे पहिल्यांदा हवं-नको तिच्यावर सोपवलंय. मालकी सोडतानासुद्धा मालकाच्याच क्रियापदात बोलावं लागतं, ही त्या नात्याची अडचण कवितेने लपवलेली नाही. कोणी म्हणेल, एवढ्या हळव्या कवितेत तुम्ही सत्ता कसली शोधता? मी शोधत नाही, ती शब्दांत आहे, आणि ती आहे म्हणूनच ती सोडून देण्याला किंमत आहे.

राहिला शाळेचा प्रश्न. कवितेतल्या नात्यांवर आपण मुलांना काय विचारतो? मध्यवर्ती कल्पना, आवडलेली ओळ, अलंकार, संदेश. कुसुमाग्रजांची ‘कणा’ घ्या. पुरात घर वाहून गेलेला विद्यार्थी जुन्या सरांना भेटायला येतो. ‘ओळखलंत का सर मला?’ इथपासून ‘लढ म्हणा’पर्यंतचा प्रवास. संदेश जिद्दीचा, पाच गुण. पण या कवितेत पुराचं वर्णन कसं येतं? गंगामाई पाहुणी आली, माहेरवाशिणीसारखी नाचली, मोकळ्या हाती कशी जाईल. सगळं उद्ध्वस्त झालेला माणूस सरांपुढे तक्रारीचा एक शब्द काढत नाही, पाहुणचाराचे शब्द वापरतो. ज्याच्यापुढे आपण खाली आहोत त्याच्यापुढे भिकारी दिसू नये म्हणून माणूस असंच बोलतो. सरांचा हात खिशाकडे जातो. सर प्रेमळ आहेत, पण त्या हाताच्या हालचालीने नातं एका क्षणात बदलतं, देणारा आणि घेणारा असं होऊ बघतं. विद्यार्थी ते होऊ देत नाही. पैसे नकोत म्हणतो आणि एक शब्द मागतो.

तो शब्द कोणता ते बघा. ‘म्हणा’ हे आदरार्थी आहे, सर वरच राहतात. पण त्यांनी जे म्हणायचं ते ‘लढ’ आहे, ‘लढा’ नव्हे. संसार असलेला, बायको असलेला प्रौढ माणूस सरांकडून ‘तू’ मागून घेतोय. आर्थिक मदतीतली पायरी त्याला नको, वर्गातली जुनी पायरी मात्र हवी आहे. एका ओळीत दोन आज्ञार्थ, एक खालून वर जाणारा, दुसरा वरून खाली मागवलेला. नात्यातली सत्ता नेहमी जाचच करते असं समजणाऱ्यांसाठी या दोन शब्दांत भरपूर काम आहे. ‘लढा’ लिहिलं असतं तर काय बिघडलं असतं, हा प्रश्न मला कोणत्याही प्रश्नपत्रिकेत बघायला आवडेल. वर्गात तो विचारणं मात्र जरा अवघड आहे, कारण उत्तर देणारं पोर उभं राहून आधी ‘सर’ म्हणणार, ‘तुम्ही’ म्हणणार, आणि चुकलं तर ‘बस खाली’ हे ऐकून घेणार.